न हललेला काटा

काटेवाल्याचा माणसांपेक्षा काट्यांवर जास्त विश्वास होता, आणि त्याचा धंदा पाहता यात नवल करण्यासारखं काही नव्हतं. बाजारातले तराजू, टपाल कचेरीतले पार्सलांचे काटे, इस्पितळातली माणसं तोलायची यंत्रं, बिघडली की सगळी त्याच्याकडे येत. हयात त्यात गेल्यावर त्याचं एक मत पक्कं झालं होतं: काटा आपणहून खोटं बोलत नाही, त्याला कोणीतरी बोलायला लावतं. म्हणून दुरुस्तीला आलेला तराजू हातात घेतला की तो आधी पारडं पालथं करून बघे. खाली कधी मेणाचा गोळा चिकटवलेला असे, कधी शिशाचा तुकडा, एकदा तर चघळून टाकलेलं च्युइंगम निघालं. याला पासंग म्हणतात. गिऱ्हाइकाला माल कमी जावा आणि काटा मात्र बरोबर दिसावा, यासाठी केलेली ही सोय. पासंग निघाला की दुकानदार न चुकता चकित होई. हे कुठून आलं, असं स्वतःलाच विचारी. "रात्रीत उगवलं असेल," असं म्हणून काटेवाला ते चाकूने खरवडून टाके.

घराची मांडणी साधी होती. पुढे दुकान, मागे दोन खोल्या. तिथे तो आणि त्याची बायको. वर एक खोली, तिला बाहेरून लोखंडी जिना. तिथे धाकटा भाऊ. धाकटा दुकानात थोरल्याच्या हाताखाली काम करी. लग्नाच्या भानगडीत तो पडला नव्हता, आणि त्याच्या खोलीत चहाच्या शेगडीपलीकडे स्वयंपाकाचं काहीच सामान नव्हतं.

दोघांचा बाप याच दुकानात गेला. समोर तराजू, हातात चिमटा आणि नजर काट्यावर, अशा अवस्थेत गेला. काटा स्थिर होईपर्यंत हलायचं नाही, श्वासही जपून घ्यायचा, ही त्याची शिस्त सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे समोरचं गिऱ्हाईक बराच वेळ आदराने थांबून राहिलं. डॉक्टर म्हणाले, हृदयाच्या नळ्यांत चरबी बसली होती. म्हाताऱ्याचं पोट पाहिलेल्या कोणालाही हे ऐकून धक्का बसला नाही. त्याचं जेवणावर मनापासून प्रेम होतं, आणि रात्रीच्या जेवणावर तर अंमळ जास्तच.

त्याच आठवड्यात थोरल्याने जाहीर केलं की आजपासून रात्रीचं जेवण बंद, आणि पहाटे उठून कालव्याच्या कडेने पळायचं. बापाचं हृदय आपल्याला नको. धाकटा तेव्हा शेजारीच बसला होता. "मीही, दादा," तो म्हणाला. थोरल्याला भरून आलं. दोन भावांनी मिळून उपाशी झोपण्यात जो जिव्हाळा असतो तो मेजवानीतही नसतो, असं त्याला वाटलं, आणि पुढची अकरा वर्षं तो हे येईल त्याला सांगत राहिला. बाजारात त्याला पाठीमागे 'तोळामासा' म्हणत. त्याला ते माहीत होतं आणि आवडतही होतं.

नेम असा होता. पहाटे दोघं पळत. थोरला पुढे, धाकटा मागे धापा टाकत. मग न्याहारी. दुपार कलल्यावर दुकानातच दुसरं खाणं. त्यानंतर पाणी. उपाशी माणसाने जागत बसण्यात अर्थ नसतो, म्हणून गल्लीतली मुलं अजून चेंडू खेळत असतानाच थोरला अंथरुणावर पडे आणि मेल्यासारखा झोपे. धाकटा "जरा पाय मोकळे करतो" म्हणून बाहेर पडे. बायको स्वयंपाकघरात तिच्यापुरतं करून घेई.

तिच्यापुरतं म्हणजे किती, हा प्रश्न थोरल्याला एकदाच पडला होता. ओट्यावरचं पातेलं एका माणसाच्या मानाने चांगलंच ऐसपैस होतं. त्याने विचारलंही. ती म्हणाली, "हाताला सवय झालीये त्याची." हे उत्तर दुसऱ्या कोणी दिलं असतं तर त्याने पातेलं वजनाला लावलं असतं. बायकोने दिलं म्हणून त्याने मान डोलावली आणि तो झोपायला गेला.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंशी त्याची ओळख अशीच एका वजनाच्या यंत्रापायी झाली. त्या हृदयाच्या विभागात होत्या आणि त्यांना एका अभ्यासासाठी निरोगी माणसं हवी होती. उपाशी राहिल्याने आणि व्यायामाने हृदयातल्या चरबीचं काय होतं, ते त्यांना एमआरआय यंत्रातून बघायचं होतं. पहिल्या फेरीत नेहमीसारखं खाऊनपिऊन यायचं. दुसऱ्या फेरीत दीड दिवस निव्वळ पाण्यावर राहायचं आणि सकाळी इस्पितळात सायकल मारून मग यंत्रात शिरायचं. तिसरी फेरी पुढे कधीतरी. काटेवाला गुडघ्यावर बसून यंत्राची स्प्रिंग बसवत होता, तो तिथूनच म्हणाला की उपाशी राहण्यात त्याचा आणि त्याच्या भावाचा हात धरणारा या शहरात मिळायचा नाही. त्याच्या जिवाला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती: अकरा वर्षं पोटाला चिमटा घेतल्यावर तरी बापाचं हृदय आपल्याला सोडून गेलं की नाही.

घरी येऊन त्याने ही बातमी भावाला दिली. धाकट्याचा चेहरा पडला. थोरल्याला तो विनय वाटला.

पहिली फेरी गोडीत पार पडली. यंत्र चालवणारे गृहस्थ निवृत्तीला आलेले, गप्पिष्ट, आणि आकडे कोणाला दाखवायचे नाहीत हा नियम त्यांच्या मते डॉक्टरांच्या सोयीसाठी होता. त्यांनी दोघांनाही पडद्यावरची रेघ दाखवली. रेघेत एक मोठी टेकडी, ती पाण्याची. तिच्या पायथ्याशी एक इवलंसं टेकाड, ती चरबी. दोन्ही भावांचं टेकाड सारखंच. "जुळे आहात का?" गृहस्थांनी विचारलं. थोरला दिवसभर खूश होता.

दुसरी फेरी आली. दीड दिवस दोघं दुकानात समोरासमोर बसून पाणी पीत होते. दुसऱ्या संध्याकाळी थोरल्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. धाकट्याने मात्र तोंडातून अवाक्षर काढलं नाही, उलट थोरल्याला धीर दिला. सकाळी सायकली मारून दोघं पाळीपाळीने यंत्रात गेले. बाहेर आल्यावर गृहस्थांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि थोरल्याचा पडदा त्याच्याकडे वळवला. टेकाड वाढलं होतं. बारकाईने बघायची गरजच नव्हती. लांबून दिसावं इतकं वाढलं होतं.

"भावाचं बघा तुमच्या," गृहस्थ म्हणाले. "होतं तसंच. जराही हललं नाही."

थोरला भावाच्या पुढे चालत घरी निघाला. आयुष्यभर ज्याला सांभाळलं, ज्याच्यासाठी रोज रात्री भूक मारली, पहाटे थंडीत पळालो, त्या हृदयाने आतल्या आत हे उद्योग चालवले होते. चोराला घरात ठेवून त्याच्या दाराशी आपणच राखण करत बसावं, तसं झालं. दुकानाचं कुलूप काढताना त्याने भावाला विचारलं की असं कसं झालं असेल. दोघं तेच खातो, तेवढंच पळतो.

धाकट्याने कुलूप त्याच्या हातातून घेतलं आणि तो म्हणाला, "काहींचं शरीरच तसं असतं, दादा. तू बाबांवर गेलास."

हे वाक्य थोरल्याने गिळलं, आणि पुढचे काही आठवडे ते त्याला पचलं नाही. तो कालव्याच्या पुढच्या पुलापर्यंत पळायला लागला. दुपारचं खाणं अर्ध्यावर आणलं. मध्यरात्री जाग येई, मग छातीवर हात ठेवून पडून राही, आणि आतला ठोका ऐकताना त्याला बापाच्या चालण्याचा आवाज आठवे. बायकोला त्याने सगळं सांगितलं. ती भांडी घासत होती. तिने ऐकून घेतलं, नळ बंद केला, पुन्हा सोडला. "डॉक्टरांना नीट विचारा एकदा," एवढंच म्हणाली. तो म्हणाला, विचारायचं काय, डोळ्यांनी पाहिलंय.

एके दिवशी त्याने कपाटातून बापाची पेटी काढली. लाकडी पेटी, आत निळं मखमल, आणि त्यात उतरत्या क्रमाने पितळेची प्रमाण वजनं, सगळ्यात लहान तर चिमट्यानेच उचलायचं. बाजारातलं प्रत्येक वजन शेवटी या पेटीशी ताडून बघितलं जाई. ती बापाने थोरल्याला दिली होती, आणि थोरल्याने ती आजवर एकट्या धाकट्याच्या हाती लागू दिली नव्हती. आता त्याने ती किल्लीसकट भावापुढे सरकवली. मी बाबांवर गेलोय, तो म्हणाला, माझा भरवसा नाही. तू घे, तुझं हृदय साफ आहे.

धाकट्याने पेटी घेतली. घेताना त्याने थोरल्याकडे पाहिलं नाही, आणि थोरल्याने ते प्रेमाच्या खात्यावर जमा केलं.

तिसऱ्या फेरीची तारीख ठरवायला डॉक्टरीणबाईंनी बोलावलं. तेवढ्यापुरतं बोलणं झाल्यावर त्यांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं आणि वजन का उतरलं ते विचारलं. मग मात्र त्याचा बांध फुटला. टेकाड, पुढचा पूल, बाबा, सगळं त्याने त्यांच्या टेबलावर ओतलं. बाईंनी आधी यंत्रावरच्या गृहस्थांचा मनातल्या मनात समाचार घेतला असावा. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

त्यांनी सांगितलं ते असं. हृदयाला सुट्टी नसते, त्यामुळे त्याला इंधन सतत लागतं, आणि त्याचं मुख्य इंधन चरबीच असतं. माणूस जेवलेला असतो तेव्हा अंगातली चरबी आपापल्या कोठारात पडून असते. उपाशी राहिला की कोठारं उघडतात आणि चरबी रक्तात येते. हृदय येईल तितकी उचलतं, लागेल तेवढी जाळतं, आणि उरलेली आपल्याच स्नायूत थेंबाथेंबाने ठेवून देतं. त्यात रिकाम्या पोटी सायकल मारली की रक्तात आणखी चरबी येते, आणि हृदय आणखी ठेवतं.

"म्हणजे आजार नाही?" त्याने विचारलं.

"चुलीशेजारी रचून ठेवलेली लाकडं आहेत ती," बाई म्हणाल्या. "तुमच्या वडिलांच्या नळ्यांत बसलेली चरबी वेगळी, ही वेगळी. लठ्ठपणात, मधुमेहात लाकडं नुसती साचत जातात, जळत नाहीत, तेव्हा आम्हाला काळजी. नेमाने पळणाऱ्याचं हृदय ती जाळायला सरावलेलं असतं. आदल्या रात्री पोटभर जेवून या, टेकाड खाली आलेलं दिसेल. तिसरी फेरी त्यासाठीच आहे."

इतक्या आठवड्यांनी त्याने पहिल्यांदा पूर्ण श्वास घेतला. आपण मरत नव्हतो. आपलं हृदय बेइमान नव्हतं. मालक उपाशी आहे हे ओळखून त्याने बिचाऱ्याने सरपण गोळा केलं होतं. तो उठला, दारापर्यंत गेला, आणि तिथे त्याच्या धंद्याने त्याला थांबवलं.

"दीड दिवस खरंच उपाशी राहिलेल्या माणसाचं टेकाड वाढतंच?"

"आत्तापर्यंत आम्ही पाहिलेल्यांत तरी वाढलंय."

"माझ्या भावाचं नाही वाढलं."

बाईंनी समोरचं पेन उचललं, टोपण लावलं, काढलं. दुसऱ्या माणसाच्या तपासणीबद्दल आपल्याला बोलता येत नाही, असं त्या खिडकीकडे बघत म्हणाल्या, आणि त्याला पाणी हवं का विचारलं. पाणी नको, तो म्हणाला. पाणी भरपूर झालंय.

घरी येताना त्याने पारडं एकदाचं पालथं केलं. वजन ठेवलंय म्हणतात आणि काटा हलत नाही, तर दोनच गोष्टी असू शकतात: काटा मेलाय, किंवा वजन ठेवलेलंच नाही. धाकटा ठणठणीत होता. म्हणजे तो उपाशी नव्हता. दीड दिवस तो नजरेसमोर होता, फक्त आपण झोपल्यावर नव्हता. वरच्या खोलीत चहाखेरीज काही शिजत नाही. शिजतं ते खाली, ऐसपैस पातेल्यात. एवढं सरळ गणित त्याने दुसऱ्याच्या दुकानात उभ्या उभ्या सोडवलं असतं. स्वतःच्या घरात त्याला अकरा वर्षं आणि एक एमआरआय लागला.

तिसऱ्या फेरीच्या आदल्या दिवशी तो कोणाला काही बोलला नाही. संध्याकाळी नेहमीसारखा अंथरुणावर पडला. गल्लीत चेंडू आपटत होता. काटा स्थिर होईपर्यंत हलायचं नाही, म्हणून तो पडून राहिला. मग मागच्या दाराची बिजागरी कुरकुरली, खुर्ची सरकली, झाकण निघालं. आणि बायको हसली. ते हसणं त्याने कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. ते बंद झालं असं तो धरून चालला होता. ते नुसतं उशिराच्या वेळेला गेलं होतं.

तो उठून स्वयंपाकघराच्या दारात गेला. धाकटा मागच्या दाराजवळच्या खुर्चीत बसला होता. त्या खुर्चीवरची उशी बायकोच्या पाठीसाठी आहे असा थोरल्याचा समज होता. धाकट्याचा घास तोंडात होता, आणि आता तो चावावा की नाही हे त्याला ठरवता येत नव्हतं. बायकोच्या हातातला डाव तसाच राहिला.

"डॉक्टरांनी जेवून यायला सांगितलंय," थोरला म्हणाला.

तिसरी खुर्ची नव्हती. तो दुकानातून बापाचं स्टूल घेऊन आला आणि टेबलाशी बसला. बायकोने ताट मांडलं. बटाट्याचा रस्सा होता आणि पाव होता. त्याने पहिला घास घेतला आणि त्याच्या नाकातोंडातून जाळ निघाला. त्याला तिखट कधीच सोसत नसे; लग्न झालं तेव्हा तिने त्याच्यासाठी मिरी जवळजवळ सोडून दिली होती.

"भाऊजींना मिरी जास्त लागते," ती म्हणाली. सवयीने म्हणाली, आणि म्हटल्यावर तिने डाव खाली ठेवला.

थोरल्याने डोळे पुसले. पाणी प्यायला. धाकट्याकडे वळून त्याने सावकाश विचारलं, "टेकाड उपाशी राहिल्यामुळे वाढतं, हे तुला माहीत होतं?"

"आईशप्पथ नाही, दादा. मला वाटलं, खरंच तू..."

"पण तू जेवला होतास, हे तर माहीत होतं."

धाकट्याने मान खाली घातली. "हो."

"आणि तरी म्हणालास, बाबांवर गेलास."

यावर धाकटा बरंच बोलला. पहिल्या महिन्यातच आपल्याने होईना, असं त्याने सांगितलं. सांगणार होतो, पण दादा भेटेल त्याला दोघा भावांचं कौतुक सांगत सुटला होता, मग कोणत्या तोंडाने सांगायचं. आणि पळालो तर खरं ना, रोज पळालो, त्यात कधी लबाडी केली नाही. दीड दिवसाच्या उपासातही एकदाच जेवलो, दुसऱ्या संध्याकाळी. "दोनदा," बायको म्हणाली. तिला आता हिशेब चुकलेला नको होता.

थोरल्याने तिच्याकडे पाहिलं. तिने नजर चुकवली नाही.

"मी छातीवर हात ठेवून जागा असायचो," तो म्हणाला. "तू शेजारीच होतीस."

"होते," ती म्हणाली. "रोज वाटायचं, आज सांगू. पण सांगितलं की हे बंद होणार." तिने टेबलाकडे हात केला. "तुम्ही मला विचारून नव्हतं जेवण सोडलं. अकरा वर्षं मी भिंतीकडे बघत जेवायचं होतं का?"

तिचं म्हणणं खरं होतं, म्हणून दुखणं कमी झालं असं नव्हतं. त्याने ताट पुढे ओढलं आणि खाल्लं. तिखटाने डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्याने वाहू दिलं. कारण विचारणारं तिथे कोणी नव्हतं. दुसऱ्याच्या जिभेसाठी बेतलेलं जेवण त्याने पोटभर, डॉक्टरांच्या सांगण्याबरहुकूम, शेवटच्या घासापर्यंत संपवलं. धाकट्याचं ताट तसंच राहिलं. त्या घरात तो खरोखर उपाशी झोपला अशी ही पहिली रात्र असावी.

दुसऱ्या दिवशी थोरला एकटाच इस्पितळात गेला. टेकाड उतरलं होतं, पहिल्या फेरीइतकंच इवलंसं झालं होतं. "बघा," यंत्रावरचे गृहस्थ कौतुकाने म्हणाले, "एका जेवणात सगळं साफ." थोरल्याने दोन वेळा पडदा बघितला आणि शर्टाची बटणं लावली.

तो परतला तेव्हा धाकटा दुकानात उभा होता. पितळी वजनांची पेटी त्याने टेबलावर आणून ठेवली होती, वर किल्ली. "तुझी आहे, दादा," तो म्हणाला. "मी एकदाही उघडली नाही. हात नाही लावला."

थोरल्याने स्टुलावर बसून पेटी उघडली. निळ्या मखमलीत वजनं ओळीने चकाकत होती, बापाच्या वेळी होती तशीच. त्याने सगळ्यात मोठं वजन बाहेर काढलं, पालथं केलं, तळ उजेडाकडे धरून पाहिला, अंगठा फिरवला, आणि जागेवर ठेवलं. मग त्याच्या खालचं. धाकटा बघत होता. या पेटीतलं वजन असं उलटं केलेलं त्याने उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. बाकीची दुनिया तपासायची ती याच वजनांवर. 

थोरल्याला घाई नव्हती. शेवटचं, सगळ्यात लहान वजन त्याने चिमट्याने उचललं, श्वास रोखला आणि तेही उलटं करून पाहिलं.